जुन्या मोटरसायकलचं पुढचं सस्पेन्शन: स्प्रिंगा बदलाव्यात, आतले भाग बदलावेत की सगळा फोर्कच?

आडवाट

गाडी जुनी आहे, पण इंजिन ठणठणीत आणि मनापासून आवडती. विकायची नाही. पुढचे शॉकअप मात्र आता सहन होत नाहीत. साधा टेलिस्कोपिक फोर्क, ३५ मिमीचे पाइप, आत डॅम्पर रॉड, पुढे १९ इंची चाक आणि एक डिस्क. गाडी अंदाजे १९० किलो, मी गिअर घालून ८५.

त्रास तीन तऱ्हेचा आहे. ब्रेक जरा जोरात दाबला की नाक खाली जातं आणि टक्कन आवाज येतो. लांब लाटांच्या रस्त्यावर पुढचं टोक खालीवर होत राहतं, लवकर स्थिरावत नाही. आणि धारदार कडेचा खड्डा लागला की धक्का थेट मनगटात. मऊ आहे म्हणावं तर खड्ड्यात दगडासारखा, कडक आहे म्हणावं तर ब्रेकला तळ गाठतो. एकच फोर्क दोन्ही कसा असू शकतो हेच कळत नाही.

डोक्यात तीन पर्याय आहेत. जाड तेल भरायचं. नव्या स्प्रिंगा आणि एम्युलेटर, म्हणजे तेलाची वाट सांभाळणारी छोटी झडप, घालायचे. किंवा एखाद्या नव्या गाडीचा उलटा म्हणजे अपसाइड-डाउन फोर्क संपूर्ण बसवायचा. तिसरा दिसायला फार देखणा आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

पाना_बारा

काही विकत घेण्याआधी आहे तो फोर्क निरोगी आहे का ते बघा. फोर्कच्या नावावर खपणारे बरेच दोष भलतीकडचे असतात.

पुढचं चाक अधांतरी उचला आणि हँडल अगदी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे स्टिअरिंगचं बेअरिंग, गेलाय. बॉटम, म्हणजे फोर्कचा खालचा जाड भाग, धरून पुढे-मागे हलवा. 'खट' आलं तर एकतर कोनसेट सैल आहे किंवा फोर्कचे बुश झिजलेत. कोनसेटची खट खालच्या टीपाशी (टी म्हणजे दोन्ही पाइप पकडणारा आडवा क्लॅम्प) बोट लावून जाणवते, बुशची खट डस्ट सीलपाशी, म्हणजे बॉटमच्या तोंडावरच्या रबरापाशी. मग पाइपवर नख फिरवा. सील जिथे घासतं त्या पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील टिकणार नाही; पाइप घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यावा लागेल किंवा बदलावा लागेल. पाइप सरळ आहे का ते व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने बघायचं. टायरची हवा आणि टायरचं वय बघायलाही विसरू नका.

हे सगळं ठीक निघालं तर सॅग, म्हणजे वजनाने फोर्क किती खाली बसतो ते, मोजा. सॅगचा आकडा हातात असल्याशिवाय पुढची चर्चा अंदाजपंचे होईल.

आडवाट

सॅग नक्की कसा मोजायचा? ऐकून माहीत आहे, केलेलं नाही.

पाना_बारा

चाक अधांतरी असताना डस्ट सीलपासून खालच्या टीपर्यंतचं अंतर मोजा. हा फोर्क पूर्ण ताणलेला असतानाचा आकडा. मग गाडी जमिनीवर सरळ उभी करून, कुणी न बसता तेच अंतर. दोन्हींतला फरक म्हणजे रिकाम्या गाडीचा सॅग. आता तुम्ही रोजच्या कपड्यांत, हेल्मेटसकट, नेहमीच्या बैठकीत बसायचं आणि दुसऱ्या कुणीतरी मोजायचं. हा स्वारासह सॅग.

जुन्या फोर्कात घर्षण बरंच असतं, त्यामुळे एकदाच मोजून चालत नाही. पुढचा भाग थोडा खाली दाबून हळू सोडा आणि मोजा. मग थोडा वर उचलून हळू सोडा आणि मोजा. दोन आकडे वेगळे येतील, सरासरी धरा. फरक फार मोठा आला तर समजा की बुश, सील किंवा फोर्कची सरळ रेषा यात काहीतरी अडतंय.

रस्त्यावरच्या गाडीला स्वारासह सॅग ३५ ते ४० मिमीच्या आसपास हवा.

खडीरस्ता

जाड तेलाचा मार्ग सोडून द्या. पहिल्या दोन-चार ब्रेकना वाटतं की काम झालं, कारण नाक खाली जायला जास्त वेळ लागतो. पण ब्रेक धरून ठेवला तर शेवटी तितकंच खाली जातं. आणि खड्ड्याचा धक्का आहे त्याहून वाईट होतो.

वळणवाट

खडीरस्ता यांचं बरोबर आहे. त्यामागचं कारण नीट लिहिते, कारण आडवाट यांच्या "एकच फोर्क मऊही आणि कडकही कसा" या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

डॅम्पर रॉड म्हणजे एक पोकळ नळी, तिला ठरावीक मापाची भोकं. फोर्क दबला की तेल त्या भोकांतून जातं. भोकाचं माप कायम असल्यामुळे अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. फोर्क दुप्पट वेगाने दबला तर विरोध चौपट. ब्रेक लागतो तेव्हा किंवा लांब लाटेवर फोर्क सावकाश दबतो, तिथे तेल सहज निसटतं आणि डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला तेलाचा विरोध, जवळजवळ मिळतच नाही. धारदार कडेवर चाक अचानक वर फेकलं जातं. तेवढ्या वेगाने तेल त्या भोकांतून जाऊच शकत नाही, फोर्क क्षणभर घट्ट कांबीसारखा होतो आणि धक्का हातात येतो. तेल जाड केलं की विरोध सगळीकडेच वाढतो, जिथे नको तिथेही.

कार्ट्रिज फोर्कात यावर उपाय असा की तेलाच्या वाटेत पातळ पत्र्यांच्या चकत्यांची चळत असते. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट रुंद होते. सावकाश हालचालीला पुरेसा विरोध, जोराच्या धक्क्याला मोकळी वाट.

एम्युलेटर हीच कल्पना डॅम्पर रॉडच्या फोर्कात आणतो. स्प्रिंगने दाबून धरलेली ही छोटी झडप डॅम्पर रॉडच्या माथ्यावर बसते आणि वरून मुख्य स्प्रिंग तिला जागेवर धरते. ठरावीक दाबाच्या वर गेलं की ती उघडते. लक्षात ठेवायचं ते हे, की एम्युलेटर फक्त दबण्याची बाजू सुधारतो. परतीची, म्हणजे रिबाउंडची बाजू पूर्वीसारखी डॅम्पर रॉडच्या भोकांवर आणि तेलाच्या जाडीवरच राहते. म्हणजे तेलाची जाडी रिबाउंड बघून ठरवायची आणि दबण्याचं काम झडपेवर सोडायचं.

आणि हे सगळं स्प्रिंग बरोबर असेल तरच. लाटांवर पुढचं टोक डुलत राहणं बहुतेक वेळा मऊ स्प्रिंग अधिक थकलेलं पातळ तेल यांचं असतं.

आडवाट

मोजलं. पूर्ण लांबी १४० मिमी. रिकामी गाडी ३० मिमी बसते, मी बसल्यावर ६२. कोनसेट गुळगुळीत फिरतो, पाइप स्वच्छ, डस्ट सीलपाशी बारीक खट आहे. पुस्तकात मूळ स्प्रिंगचा दर मिलिमीटरला ०.५० किलो दिलाय. प्रीलोड वाढवून, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा वरचा स्पेसर लांब करून सॅग ४० वर आणला तर भागेल का?

वळणवाट

नाही भागणार. हिशेब मांडून दाखवते, ढोबळ आहे पण दिशा कळेल.

गाडी आणि स्वार मिळून २७५ किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६ मीटर आणि दोन चाकांतलं अंतर १.४ मीटर धरू. ०.५ जी इतका ब्रेक म्हणजे ताशी ५० किमीवरून साधारण २० मीटरमध्ये थांबणं. अगदी जीव खाऊन मारलेला ब्रेक नव्हे. यात मागून पुढे सरकणारं वजन २७५ × ०.५ × ०.६ ÷ १.४, म्हणजे सुमारे ५९ किलो. फोर्क तिरका आहे, उभ्या रेषेपासून २७ अंश धरू, तर त्याच्या रेषेत यातले ५२-५३ किलो येतात.

पण फोर्क तिरका असल्याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. ब्रेकचं बल चाकाला मागे ढकलतं आणि त्याचा एक हिस्सा फोर्कच्या रेषेत वर येतो. फक्त पुढचा ब्रेक धरला तर १३७ किलोच्या बलातले सुमारे ६२ किलो. म्हणजे एकूण ११५ किलो जास्तीचा दाब.

तुमच्या दोन स्प्रिंगा मिळून मिलिमीटरला १ किलो. म्हणजे ब्रेकने फोर्क आणखी ११५ मिमी दबणार. आधीच ६२ वर बसलाय. बेरीज १७७, फोर्क आहे १४० चा. आतली दबलेली हवा थोडा टेका देते, तरी तळाचा टक्क आवाज का येतो ते यात दिसतं.

आता फक्त प्रीलोड वाढवा. सॅग ४० झाला, पण स्प्रिंगचा दर तोच राहिला. ४० अधिक ११५ म्हणजे १५५. तळ पुन्हा आलाच. प्रीलोडने गाडी कुठल्या उंचीवर बसेल ते बदलतं, किलोमागे किती दबेल ते बदलत नाही.

०.८० किलोची स्प्रिंग घाला. दोन मिळून १.६. ब्रेकने ७२ मिमी, सॅग ४०, एकूण ११२. हातात २८ मिमी शिल्लक, आणि ब्रेक धरलेला असताना खड्डा आला तर तो गिळायला तीच जागा लागते.

तुमच्या वजनाला ०.७५ ते ०.८५ यांच्यामध्ये कुठेतरी स्प्रिंग बसेल असं वाटतं. मी ०.८० पासून सुरुवात करीन.

मंदगती

हा हिशेब इतका उलगडून कुणी सांगितला नव्हता. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगांबद्दलही लिहा ना. बाजारात त्याच जास्त दिसतात.

पाना_बारा

प्रोग्रेसिव्हमध्ये काही वेटोळी जवळजवळ असतात, ती आधी मिटतात आणि मग दर वाढतो. एकच स्प्रिंग हलक्या-जड सगळ्या स्वारांना चालवून घ्यायची असेल तर ती सोयीची आहे, आणि आतलं दुसरं काही बदलायचं नसेल तर फरकही पडतो. पण सुरुवातीचा मऊ भाग ब्रेक लागताच संपून जातो, आणि एकच डॅम्पिंग दोन वेगळ्या दरांना पुरं पडत नाही. एम्युलेटर घालणार असाल तर सरळ दराचीच स्प्रिंग घ्या.

लेथवाला

स्प्रिंग कापण्याचा सल्ला कुठे ना कुठे मिळेलच, म्हणून आधीच लिहितो. वेटोळी कमी केली की दर वाढतो हे खरं आहे. १० टक्के वेटोळी काढली तर दर ११ टक्के वाढतो. पण ०.५० ची ०.८० करायची तर काम करणाऱ्या वेटोळ्यांपैकी जवळपास ३८ टक्के काढावी लागतील. उरलेली वेटोळी फोर्क पूर्ण दबायच्या आतच एकमेकांना टेकतील आणि मग स्प्रिंग म्हणजे भरीव लोखंड. शिवाय कापलेलं टोक सपाट बसत नाही, ते पाइपच्या आतून घासत राहतं. थोडी वाढ हवी असेल तर जमतं, इथे नाही.

आता एम्युलेटरसाठी डॅम्पर रॉडला भोकं पाडण्याबद्दल. डॅम्पर रॉडला खालच्या बाजूला दबण्याची भोकं असतात आणि वर, पिस्टनच्या जवळ, रिबाउंडची बारीक भोकं. मोठी करायची ती फक्त खालची. झडपेने तेल अडवायचं तर खालच्या भोकांनी अडवता कामा नये. ८ मिमीची एकूण सहा भोकं पुरतात. समोरासमोरच्या जोड्या एकाच पातळीत घेऊ नका, एक जोडी काटकोनात फिरवून थोडी वर घ्या, म्हणजे रॉड कमजोर होत नाही. वरच्या रिबाउंडच्या भोकांना हात लावायचा नाही. ड्रिल झाल्यावर आतली-बाहेरची बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेली धार, पूर्ण काढा आणि रॉड धुऊन घ्या. धातूचा कीस आत राहिला तर तो झडपेत किंवा बुशमध्ये जाऊन बसतो.

रॉडला एकदा ड्रिल मारलं की मागे फिरता येत नाही. एम्युलेटर काढून पुन्हा मूळ रचना हवी असेल तर नवा रॉड शोधावा लागतो. जुन्या गाडीचा मूळ संच जपणाऱ्यांनी दुसरा रॉड मिळवूनच ड्रिल हातात घ्यावं.

खडीरस्ता

एम्युलेटरची उंची स्पेसरमधून वजा करायची हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. झडप रॉडवर बसली की स्प्रिंग तेवढी वर येते. स्पेसर जुन्याच लांबीचा ठेवला तर नको तितका प्रीलोड बसतो. स्पेसर जाड भिंतीच्या पाइपचा, दोन्ही टोकं काटकोनात कापलेला, आणि स्प्रिंग व स्पेसर यांच्यामध्ये सपाट वायसर. पहिल्यांदा थोडा लांबच कापा. सॅग मोजून कमी करता येतो, जोडता येत नाही.

आडवाट

हे सगळं वाचून स्प्रिंग आणि एम्युलेटरकडे मन झुकतंय. तरी उलट्या फोर्काबद्दल एकदा स्पष्ट बोलू. त्यात कार्ट्रिज आयतं मिळतं, पाइप जाड, ब्रेक चांगले. मग एवढा खटाटोप जुन्या फोर्कावर का?

वळणवाट

आयतं मिळतं हे खरं, आणि ४१-४३ मिमीच्या फोर्काचा ताठपणा ३५ मिमीला येत नाही हेही खरं. पण फोर्क बदलला की गाडीची भूमितीच बदलते, आणि देखण्या फोटोंच्या भरात हेच बघितलं जात नाही.

बघायचा आकडा म्हणजे ट्रेल. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो आणि टायर जिथे टेकतो, त्यांतलं अंतर. ट्रेल कमी झाला तर गाडी चपळ पण बेचैन, वाढला तर स्थिर पण वळायला जड. तो ठरतो रेक (स्टिअरिंगच्या अक्षाचा उभ्या रेषेशी कोन), चाकाची त्रिज्या आणि टीचा ऑफसेट (अक्षापासून पाइप किती पुढे आहेत ते) यांवर. त्रिज्या गुणिले रेकचा साइन, त्यातून ऑफसेट वजा, भागिले रेकचा कोसाइन.

तुमच्या गाडीसारखी गाडी धरू. त्रिज्या ३२० मिमी, रेक २७ अंश, ऑफसेट ५५ मिमी. ट्रेल सुमारे १०१ मिमी. आता नव्या गाडीचा फोर्क तिच्या टीसकट आणि १७ इंची चाकासकट आणला. त्रिज्या ३००, ऑफसेट ३०. रेक तोच राहिला तर ट्रेल ११९. पण तो तोच राहत नाही. चाक लहान झाल्यामुळे नाक २० मिमी खाली आलं आणि नवा फोर्क समजा ४० मिमी आखूड आहे. दोन्ही मिळून ६० मिमी, म्हणजे रेक जवळपास अडीच अंशांनी ताठ झाला. पुन्हा हिशेब केला तर ट्रेल १०४.

कागदावर आकडा मूळच्या जवळ आला म्हणून काम फत्ते होत नाही. गाडी पुढून ६० मिमी खाली आहे, सायलेन्सर आणि स्टँड वळणात घासतील, साइड स्टँडवर गाडी जास्त उभी राहील, आणि मडगार्ड पूर्ण दबल्यावर फ्रेमला किंवा एक्झॉस्टला लागतंय का ते स्प्रिंग काढून, फोर्क तळापर्यंत दाबून बघावं लागेल.

याशिवाय टीच्या दांड्याची लांबी आणि बेअरिंगची मापं जुळवायची, हँडल पूर्ण फिरल्यावर पाइप टाकीवर आपटू नये म्हणून स्टॉपर नव्याने बनवायचे, स्पीडोमीटरची केबल कुठून घ्यायची ते बघायचं, मास्टर सिलिंडर नव्या कॅलिपरला जुळवायचा. आणि शेवटी त्या फोर्कातल्या स्प्रिंगा दुसऱ्या गाडीच्या वजनाला आणि दुसऱ्या स्वाराला बेतलेल्या असतात. म्हणजे सॅग आणि स्प्रिंगचं काम तिथेही करावं लागतंच.

ज्याच्याकडे मोजमाप करायची तयारी आणि चांगला लेथ आहे त्याने जरूर करावं. नीट केलेलं काम मी पाहिलंय, सुंदर चालतं. पण तुमचे तीनही त्रास आहे त्याच फोर्कात सुटण्यासारखे आहेत.

लेथवाला

सहमत. फोर्क पिळतोय असं वाटत असेल तर दोन्ही बॉटमना जोडणारा फोर्क ब्रेस बसवता येतो. पण तो अचूक मापाचा हवा. अर्धा मिलिमीटर कमी-जास्त असेल तर दोन्ही पाय आत किंवा बाहेर खेचले जातात आणि फोर्क अडकतो.

मंदगती

माझ्या गाडीला फोर्कच्या टोपणावर हवा भरायचे व्हॉल्व्ह आहेत आणि बॉटमला अँटी-डाइव्हचा डबा. त्यांचं काय करायचं?

वळणवाट

ऐंशीच्या दशकातली दिसते. तेव्हा होंडाची ट्रॅक, सुझुकीची वेगळी, अशा अनेक पद्धती आल्या. बहुतेकींत तत्त्व एकच: ब्रेक लागला की दबण्याच्या तेलाची वाट आवळायची. नाक कमी झुकतं, पण ब्रेक धरलेला असतानाच खड्डा आला तर फोर्क तो गिळत नाही. म्हणूनच त्या मागे पडल्या. योग्य दराची स्प्रिंग घातल्यावर त्या डब्याची गरज उरत नाही. हवेचंही तसंच. मऊ स्प्रिंगला टेका म्हणून ती दिलेली होती. नवी स्प्रिंग घातल्यावर व्हॉल्व्ह तसेच ठेवा, दाब शून्य ठेवा. हवेचा दाब वाढवला की सीलचं घर्षणही वाढतं.

आडवाट

ठरलं. ०.८० च्या सरळ स्प्रिंगा, एम्युलेटर, दोन्हीकडचे बुश, ऑइल सील, डस्ट सील, तळाचे तांब्याचे वायसर. डॅम्पर रॉड आणखी एक मिळवला आहे, ड्रिल त्यालाच मारतो. जोडीचा दुसरा शोधतोय. तेल कुठलं आणि किती? आणि खोलताना-जोडताना काय सांभाळू?

पाना_बारा

बुश वेगळे मिळतात हे चांगलं. कित्येक जुन्या फोर्कांत बॉटमचं अ‍ॅल्युमिनियमच बुशचं काम करतं, ते झिजलं की बॉटमच बदलावे लागतात.

खोलताना: पाइप टीमधून काढायच्या आधी वरची टी सैल करून, खालच्या टीत पाइप घट्ट असतानाच वरची टोपणं थोडी ढिली करा. नंतर हातात धरून ती सुटत नाहीत. टोपण शेवटच्या आट्यांवर आलं की स्प्रिंग ते उडवते, चेहरा बाजूला ठेवा आणि वरून हाताने दाब द्या. तळाचा अ‍ॅलन बोल्ट फिरवला की आतला रॉडही सोबत फिरतो. त्यामुळे स्प्रिंग आणि टोपण आत असतानाच, फोर्क दाबून धरून, तो बोल्ट आधी सोडवा. रॉडच्या खालच्या टोकाला एक निमुळता तुकडा असतो, तो बॉटममध्ये राहून जातो किंवा तेलाबरोबर बाहेर पडतो. तोच फोर्कला तळाशी आपटू देत नाही. जपून ठेवा.

सील घालताना पाइपच्या वरच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, तिला तेल लावा आणि त्यावरून सील सरकवा. धारेने सीलचा ओठ फाटत नाही.

तेल: डब्यावरच्या १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू वर विसंबू नका. दोन उत्पादकांच्या एकाच आकड्यांत खूप फरक असतो. ४० अंश सेल्सियसला किती सेंटिस्टोक्स (तेलाच्या जाडीचं माप) ते माहितीपत्रकात बघा आणि पुढच्या वेळी तोच आकडा धरून घ्या. तुमच्यासाठी १५ डब्ल्यूच्या आसपासने सुरुवात ठीक. परतताना फोर्क उसळतोय असं वाटलं तर जाड, खड्ड्यांच्या मालिकेत खालीच अडकून राहतोय असं वाटलं तर पातळ.

आणि तेल मिलिलिटरमध्ये मोजून भरू नका, पातळी मोजा. स्प्रिंग बाहेर, एम्युलेटर आत, फोर्क पूर्ण दाबलेला. आधी पाइप सावकाश खालीवर करून हवा काढा, मग वरच्या काठापासून तेलापर्यंत १४० मिमी ठेवा. दोन्ही पायांत अगदी सारखं. तळ अजून लागत असेल तर पातळी १० मिमीने वाढवून बघा. वरची हवा कमी झाली की शेवटच्या भागात ती लवकर आणि जास्त दाबली जाते. पण फार वाढवू नका, हवेला जागाच उरली नाही तर सील बाहेर येतं.

लेथवाला

जोडणीत एक गोष्ट राहिली. अ‍ॅक्सलचा नट आवळा, पण बॉटमचा पिंच बोल्ट, म्हणजे अ‍ॅक्सलला बॉटममध्ये पकडणारा बोल्ट, सैल ठेवा. गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरा, फोर्क चार-पाच वेळा चांगला दाबा, दोन्ही पाय आपोआप समांतर येतात. मग पिंच बोल्ट आवळा. नव्या सील-बुशचं घर्षण सुरुवातीला जास्त असतं, म्हणून आता लावलेला सॅग थोडा कमीच दिसेल. काही शे किलोमीटर झाल्यावर पुन्हा मोजा आणि मगच स्पेसर कापायचा की नाही ते ठरवा.

खडीरस्ता

आणि मागच्या शॉकचा सॅगही त्याच दिवशी मोजा. पुढचा भाग सुधारला की मागची झीज लगेच जाणवायला लागते.